मागच्या आसनाच्या उशा

मैत्रिणींनो, या पानावर गाडीचा विषय निघाला की काही जणी लगेच पान उलटतात, हे मला ठाऊक आहे. "ते ह्यांचं खातं" म्हणून आपण मोकळ्या होतो. पण गाडीतल्या जागा वाटतं कोण? पुढे कोण बसणार, खिडकीशी कोण, मधे कोण, सासूबाईंच्या पाठीला काय द्यायचं, धाकट्याला कुणी धरायचं, हे सगळं आपणच ठरवतो. आणि मागच्या आसनावर दहातल्या नऊ वेळा आपणच बसतो. तेव्हा मागचं आसन हे आपलं खातं समजायला हरकत नाही.

जव्हारहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे एक छोटी गाडी आहे, त्या जातीतलं सगळ्यांत स्वस्त मॉडेल. पावसाळ्यात ती बरेच दिवस उभी राहिली आणि उंदरांनी मागचं आसन पोखरलं. यजमानांनी कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून त्याच गाडीच्या महागड्या मॉडेलचं आसन आणलं. त्याला डोक्यामागच्या उशा आहेत, म्हणजे आपण ज्याला हेडरेस्ट म्हणतो त्या. त्यांच्या मूळच्या आसनाला त्या नव्हत्याच. आता मिस्तरी म्हणतो, "बसेल, थोडं कापावं लागेल." कुशनवाला म्हणतो, "कशाला एवढा खटाटोप, जुन्याच आसनाला वरून भोकं पाडून उशा बसवून देतो." शेजारच्या काकू म्हणतात, "त्या उशा पाठीला टोचतात, काढूनच टाका." दिवाळीत नणंद आणि भावोजी मुलांना घेऊन येणार, सगळ्यांना दाभोशाचा धबधबा दाखवायचा बेत आहे. "यातलं कुणाचं ऐकू?" असं त्या विचारतात.

कुशनवाल्याचं मुळीच ऐकू नका, हे आधीच सांगून टाकते. बाकीच्यांचं सावकाश बघू.

पहिली गोष्ट म्हणजे तिला उशी म्हणायची आपली सवयच थोडी फसवी आहे. उशी म्हटली की टेकून डुलकी काढायची वस्तू डोळ्यांपुढे येते. ती बनवणारे इंजिनिअर मात्र तिला 'डोकं अडवणारी' अशा अर्थाचं नाव देतात, आणि तेच तिचं खरं काम. आपली गाडी उभी आहे आणि मागून दुसऱ्या गाडीने ठोकर दिली, असं समजा. गाडी पुढे ढकलली जाते, तिच्याबरोबर आसन पुढे येतं, आसन आपल्या पाठीला पुढे रेटतं. डोकं मात्र होतं तिथंच राहू पाहतं. म्हणजे धड पुढे गेलं आणि डोकं मागे राहिलं. मधे अडकली ती मान. ती आधी विचित्र वाकते, मग डोकं झटक्याने मागे पडतं आणि पुन्हा पुढे येतं. चाबूक फटकारावा तसं. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं इतक्यात होतं, त्यामुळे "मी मान घट्ट धरीन" याला काही अर्थ नाही. माणसाच्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. एवढं ओझं एका बारीक मानेवर तोलून आपण दिवसभर वावरतो, हेच मुळात नवल आहे. डोक्याच्या मागे, अगदी जवळ, काहीतरी टणक पण गादी लावलेलं असेल तर धड आणि डोकं बरोबरच पुढे जातात आणि मान वाचते. त्या उशीचा उपयोग तो एवढा.

अमेरिकेत १९६९ सालापासून नव्या मोटारींच्या पुढच्या आसनांना ही उशी सक्तीची झाली. आपल्याकडे त्या काळात रस्त्यावर होत्या त्या फियाट आणि अँबॅसडर, त्यांची मागची आसनं दिवाणखान्यातल्या सोफ्यासारखी, पाठ जेमतेम खांद्यापर्यंत. आपल्या आया-मावश्या त्यात पाच-पाच जणी बसून लग्नांना गेल्या. "तेव्हा कुठे काय झालं?" असं कुणी म्हणेल. झालं त्यांना झालं, पण "मान धरली" म्हणून लेप लावून तो विषय घरातच संपला. शिवाय तेव्हाच्या वेगाची आणि आजच्या हमरस्त्यावरच्या वेगाची बरोबरी नको.

वेगाचा विषय निघालाच आहे, तर पालघर जिल्ह्यात राहणाऱ्यांना चारोटी निराळी सांगायला नको. मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर, जिथून कासामार्गे जव्हारकडे वळतात त्याच भागात, सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी परदेशी बनावटीची, भक्कम, हवेच्या पिशव्यांची. पुढे बसलेले दोघं जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघंही गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं तपासात सांगण्यात आलं. त्याआधी ३ जून २०१४ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला चौकात दुसऱ्या गाडीची धडक बसली. तेही मागच्या आसनावर होते, पट्टा नव्हता. मानेच्या मणक्याला आणि यकृताला इजा झाली आणि ते गेले. शहरातल्या रस्त्यावर, सकाळच्या वेळी.

या दोन्ही घटना मुख्यतः पट्ट्याच्या आहेत, उशीच्या नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. उशीने त्या टळल्या असत्या असं म्हणणं खोटं होईल. पण मी त्या इथे आणल्या त्याला कारण आहे. मागचं आसन म्हणजे सुरक्षित कोपरा, तिथे काही लावायला नको न् बघायला नको, हा आपला ठाम समज आहे. तो या दोन दुर्घटनांनी पुरता मोडायला हवा होता. आणि दुसरं म्हणजे उशी पट्ट्यावाचून अर्धीच. गाडी समोर आदळली की आपण आधी पुढे जातो, पट्टा आपल्याला धरतो, मग आपण मागे येतो. त्या मागे येण्याला उशी लागते. पट्टाच नसेल तर पुढे गेलेलं माणूस पुढच्या आसनावर आदळतं, तिथे बसलेल्यालाही चेपतं. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. गाडी थांबली तरी आतलं माणूस तेवढ्याच वेगात असतं, हे एकदा मनात बसलं की पट्टा आपोआप लावला जातो.

आता आसन बदलण्याकडे वळू. इथे मात्र जरा नेटाने वाचा, कारण मिस्तरीपुढे उभं राहून तुम्हालाच विचारायचं आहे.

उशीला दोन लोखंडी दांडे असतात. ते आसनाच्या पाठीत वरून आत जातात. वरून दिसतात त्या प्लास्टिकच्या टोप्या, त्यांना गॅरेजवाले बुश म्हणतात. त्यातल्या एकीला बटण असतं. पण दांड्याला खरा आधार प्लास्टिकचा नसतो. आत, गादीच्या खाली, आसनाच्या लोखंडी सांगाड्याला दोन नळ्या वेल्डिंगने पक्क्या केलेल्या असतात, आणि त्या नळ्यांत हे बुश बसतात. स्वस्त मॉडेलच्या आसनात बहुतेक वेळा या नळ्या नसतात. सांगाडा तारेचा किंवा साध्या पत्र्याचा असतो आणि त्यावर नुसता फोम. आता कुशनवाला काय करणार? कापड कापणार, फोमला दोन भोकं पाडणार, त्यात बुश डिंकाने चिकटवणार आणि उशी खोचून देणार. दिसायला इतकं सुरेख दिसेल की कुणाला शंका येऊ नये. पण फोममध्ये खोचलेली उशी म्हणजे पिठाच्या गोळ्यात खोचलेली उदबत्ती. डोक्याचा भार आला की ती तशीच मागे कलंडणार. वर आपण तिच्या भरवशावर निर्धास्त बसलेल्या. त्यापेक्षा उशी नसलेली बरी, निदान आपण सावध तरी असतो.

म्हणून पूर्ण आसन बदलायचं हा तुमच्या यजमानांचा विचार बरोबर आहे. फक्त ते आसन तुमच्याच गाडीचं हवं. एकच नाव वर्षानुवर्षं चालतं, पण आतली गाडी मधेच बदलते. तेव्हा नुसतं नाव जुळून भागत नाही, वर्षही जुळायला हवं. "थोडं कापावं लागेल" असं मिस्तरी म्हणाला की समजावं, हे आसन आपलं नाही. जे आपलं असतं ते मूळच्या भोकांत, मूळच्या बोल्टांनी, न कापता बसतं. कापलेला सांगाडा, वेल्डिंग मारून लांबवलेली पट्टी, जाड वॉशर भरून मिटवलेली फट, हे सगळं घरातल्या कपाटाला चालेल. ज्या आसनावर मुलं बसणार त्याला नको.

जुन्या बाजारातलं आसन घेताना ते कुठल्या गाडीतून निघालं हे विचारायची लाज वाटू देऊ नका. पुष्कळदा आसनं निघतात ती आपटलेल्या गाड्यांतूनच. दुकानदार खरं सांगेल असा भरवसा नाही, म्हणून डोळ्यांनी बघावं. कापडाची चेन मागच्या बाजूला असते, ती उघडून आत हात घाला. सांगाडा सरळ आहे का? एका बाजूला कललाय का? नव्या वेल्डिंगचा काळा डाग आहे का? जव्हार-मोखाड्याच्या पावसात गंज काय करतो ते तुम्हाला मी सांगायला नको. नखाने खरवडून पापुद्रा निघाला तर ते आसन तिथेच ठेवावं. ओलीचा वास आला तरी तेच.

उशा वेगळ्या मिळतात, आणि तिथे फसगत फार होते. दोन दांड्यांमधलं अंतर प्रत्येक गाडीचं निराळं, दांड्याची जाडी निराळी. एखादा दुकानदार दांडे हाताने फाकवून "बसली बघा" म्हणतो. बसली खरी, पण आता ती तिरकी ताणून बसली आहे. दांडा बारीक पडला म्हणून त्याला कागद गुंडाळणारेही मी ऐकून आहे! शिवणाची टेप घेऊन जावं, दोन्ही दांड्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत माप घ्यावं, आणि आसनावरच्या भोकांचं माप त्याच्याशी ताडून बघावं. मिलिमीटरचाही फरक असला तर नको म्हणावं. त्यात आपल्याइतकं नेमकं माप दुसऱ्या कुणाला घेता येतं?

उशी बसवल्यावर तिची परीक्षा अगदी सोपी. बटण न दाबता दोन्ही हातांनी वर ओढा. ती आपल्या खाचेत अडली पाहिजे, हातात येता कामा नये. मग वरून तळहाताने दाबा. बटणाशिवाय खाली बसली तर खाच झिजली आहे. मग मागे रेटून बघा. थोडी हलेल, ते चालतं. पण आसनाचं कापडच तिच्याबरोबर उचललं जात असेल, तर आतली नळी जागेवर नाही. उशी उलटी बसवलेलीही दिसते कधी कधी, पुढचा फुगीर भाग मागे. त्याने डोकं आणि उशी यांतलं अंतर बिघडतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

पाठीचं आसन डिक्कीकडून कडीने अडकतं. आसन बदललं की ही कडी नीट बसली का, हे बघणं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हेच सगळ्यांत जास्त राहून जातं. बऱ्याच गाड्यांत कडी उघडी असली की वरच्या खटक्याशी लाल खूण दिसते. पाठ दोन्ही हातांनी आपल्याकडे जोरात ओढून बघावी. ती सुटली तर धडकेत डिक्कीतलं सगळं सामान आपल्या पाठीवर येईल. दाभोशाला निघताना डिक्कीत काय नसतं? पाण्याचा जार, स्टोव्ह, जेवणाचे डबे, कुणाची तरी घडीची खुर्ची. जड ते खाली, आसनाच्या पाठीला अगदी चिकटून ठेवावं. आणि मागच्या काचेखालच्या फळीवर काही म्हणजे काही ठेवू नये. काढून ठेवलेली उशी तर नाहीच. करकचून ब्रेक लागला की ती लोखंडी दांड्यांसकट डोक्यावर येते.

पट्ट्यांची बक्कलं बहुतेक गाड्यांत गाडीच्या पत्र्याला बोल्टने लावलेली असतात आणि आसनाच्या फटीतून वर काढतात. नवं आसन बसवताना मिस्तरी ती खाली दडपून टाकतो. "कोण लावतं मागे पट्टा!" हे त्याचं ठरलेलं उत्तर. तुम्ही जवळ उभं राहून तिन्ही बक्कलं वर काढून घ्या, प्रत्येकात पट्टा अडकवून खटका ऐका, मगच पैसे द्या. त्याने उत्तर दिलंच, तर त्याला सांगा की मागच्या प्रवाशाने पट्टा लावणं हे केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १३८ व्या नियमातच आहे आणि न लावल्यास हजार रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांचं खास आसन नसेल तर तोच दंड गाडी चालवणाऱ्याला. मुंबईत पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून याची अंमलबजावणी हाती घेतली. दंडाच्या भीतीने का होईना!

पुढची आसनं बदलायचं कुणाच्या डोक्यात असेल तर त्याला मात्र अधिकृत गॅरेजच हवं. नव्या गाड्यांत पुढच्या आसनाच्या कुशीत हवेची पिशवी असते, खाली तारा असतात. त्याला नाक्यावरच्या मिस्तरीने पाना लावू नये. तिथे बाजारी कव्हरं चढवणंही चुकीचं, कारण पिशवी शिवण फाडून बाहेर येते आणि जाड कव्हर तिला अडवतं. आणखी एक. आसनं काढून टाकून किंवा वाढवून बसणाऱ्यांची संख्या बदलली, तर ते १९८८ च्या वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात सापडतं. आरसी पुस्तकात आसनांची संख्या लिहिलेली असते. तुमच्यासारखं जागच्या जागी तेच आसन बदललं तर तो प्रश्न येत नाही. तरी पावती जपून ठेवावी, विम्याच्या वेळी विचारतात.

आता शेजारच्या काकूंची तक्रार. उशा टोचतात, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि त्या मुद्दाम टोचाव्यात अशाच केलेल्या असतात! मागची उशी पूर्ण खाली दाबलेली असली की तिचा खालचा ओठ पाठीला, खांद्यांच्या मधे रुततो. बसणाऱ्याला अवघडावं आणि त्याने ती वर ओढावी, ही त्यातली योजना. आपण काय करतो, तर उशीच काढून माळ्यावर टाकतो. गाडी चालवणाऱ्यांचंही एक गाऱ्हाणं असतं, मागच्या आरशात उशाच दिसतात म्हणून. त्यावर तोड अशी की जागा रिकामी असताना उशी खाली, कुणी बसलं की वर. बसल्याबरोबर आधी पट्टा, मग उशी. मुलांनासुद्धा हे आठवडाभरात अंगवळणी पडतं. मोठ्यांना जरा जास्त दिवस लागतात.

किती वर? उशीचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याशी यावा. तेवढी वर येतच नसेल तर निदान कानांच्या वरच्या टोकापर्यंत तरी हवाच. मानेच्या खळगीत टेकलेली उशी आरामाची वाटते पण ती घातक. तिच्यावरून डोकं मागे उलटतं. आणि डोक्यापासून उशी चार बोटांहून लांब नको, जवळ असेल तितकी चांगली. आपण बुटक्या बायका, आपल्याला कमी वर लागते. कॉलेजात जाणारा मुलगा आपल्याच जागेवर बसला तर त्याला ती जास्त वर ओढायला हवी, आणि ते त्याला सांगावं लागतं.

इथे खास आपला म्हणून एक अडसर आहे, तो कुठल्याही गाडीच्या पुस्तकात मला आढळला नाही. अंबाडा. लग्नाला निघताना छान मोठा अंबाडा घालायचा, त्यावर गजरा, खाली चार आकडे. मग गाडीत बसलं की डोकं उशीला टेकतच नाही. एक तर मान पुढे काढून बसावं लागतं, नाही तर तिरकं. म्हणजे चार बोटांचं अंतर अंबाड्यानेच खाल्लं. मोठ्या प्लास्टिकच्या क्लचचंही तेच, वर त्याचे दात डोक्यात रुतण्याचं भय. लांबचा प्रवास असेल तर सैल वेणी घालून ती खांद्यावरून पुढे घ्यावी. अंबाडा मुक्कामी पोचल्यावर घालता येतो. गजरासुद्धा तोवर ताजा राहतो, हा वरचा फायदा.

सासूबाईंच्या मानेसाठी बाजारात गोल उशा मिळतात, किंवा आपण लोड बांधून देतो. जाडजूड लोड मानेमागे घातला की डोकं पुढे ढकललं जातं आणि उशी लांब पडते. ज्यांना मणक्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच काय ते वापरावं. उशीच्या मागे टांगलेले हँगर, मोबाइल अडकवायचे लोखंडी चिमटे, पिशव्यांचे आकडे हे सगळं मागच्या माणसाच्या तोंडासमोर असतं. ते काढून टाकलेलं बरं.

मधली जागा. पुष्कळ छोट्या गाड्यांत मधे उशी नसते, काहींत पोटावरचाच पट्टा असतो. आणि तिथे बसवतो कुणाला? घरातल्या सगळ्यांत गरीब माणसाला! बहुतेक वेळा सुनेला, नाहीतर मोठ्या मुलीला. मी म्हणते, नव्या आसनाला मधली उशी आणि पुरता पट्टा नसेल तर मागे दोघंच बसावं. नणंदेचं कुटुंब आलं म्हणून एका गाडीत आठ जण कोंबून दाभोशाला जायची काही गरज नाही. दोन फेऱ्या करा, नाहीतर दुसरी गाडी सांगा. जव्हारहून वीसेक किलोमीटरचा तर रस्ता. सगळ्यांनी एकदम पोचलंच पाहिजे असं त्या धबधब्याला काही नाही. तीनशे फुटांवरून लेंडी नदी आपली पडतच असते. जीप सांगितलीत तर मात्र मागची आडवी बाकडी टाळा. तिथे बाजूला तोंड करून बसतात, ना पट्टा ना उशी. समोर तोंड करून बसायची मधली ओळ घ्या, आणि तिथे मुलांना आधी बसवा.

मूल मांडीवर नको, हे मी या पानावर किती वेळा लिहिलं असेल! लहान मुलाचं आसन गाडीच्या आसनाला सपाट टेकलं पाहिजे. गाडीची उशी मधे येऊन ते पुढे कलत असेल, तर आसनाबरोबरच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तेवढी एक उशी काढायची असते. काढलेली डिक्कीत, सामानाखाली. आणि मुलाचं आसन काढलं की उशी त्याच दिवशी परत लावायची. थोड्या मोठ्या मुलाला पाठ नसलेलं नुसतं उंच बैठं आसन देता, तेव्हा मात्र त्याच्या डोक्यामागे गाडीची उशी हवीच.

जव्हारच्या घाटात पावसाळी धुकं उतरलं की पुढची गाडी अचानक थांबलेली दिसते, आणि आपण थांबलो तरी मागचा थांबेलच असं नाही. मागून धक्का बसण्याचे प्रसंग असेच येतात. लहानसा धक्का, गाडीला चरा, पाच मिनिटं वादावादी, आणि मग घरी. मान दुखायला लागते ती पुष्कळदा दुसऱ्या दिवशी. आखडते, डोकं ठणकतं. अशा वेळी मालीशवाल्याकडे जाऊन मान मोडून घेणं हा जुना उपाय अजिबात करू नका. हाताला मुंग्या, बधिरपणा, जोर न राहणं, चक्कर यांतलं काही असेल तर लगेच डॉक्टर. जव्हारला पतंगशहा उपजिल्हा रुग्णालय आहेच. धक्का जोराचा असेल आणि माणूस मान हलवू शकत नसेल, तर त्याला ओढून बाहेर काढू नये. गाडी पेटण्यासारखा धोका नसेल तर आहे तसंच डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरावं आणि १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

राहता राहिली उशीवरची तेलाची मेण. पत्राच्या शेवटी तेही विचारलं आहे, आणि सासूबाईंचं खोबरेल जाणार कुठे! कापडी उशी असेल तर डागावर टाल्कम पावडर किंवा मक्याचं पीठ जाड पसरून रात्रभर ठेवावं, सकाळी ब्रशने झाडावं. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन थेंब टाकून, फडकं पिळून, वरवर पुसावं. ओतून धुवू नये, आतला फोम वाळत नाही आणि दांड्यांना गंज चढतो. रेक्झिनला नुसतं साबणाचं फडकं पुरतं, स्पिरिट लावू नका, चिरा पडतात. वरून पांढरा क्रोशाचा रुमाल घालायची हौस असेल तर जरूर घाला, पण चार कोपऱ्यांना टाके घालून बसता करा म्हणजे तो घसरणार नाही, आणि त्याची झालर बटणावर येणार नाही इतकीच ठेवा.